पहिल्या मिनिटाचा रंग

"या सगळ्यांच्या तोंडात एकाच माणसाचे दात आहेत का हो?" असं त्या बाई म्हणाल्या आणि मी हातातली कात्री खाली ठेवली.

त्यांचेच ओळखपत्राचे आठ फोटो कापत होतो. बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी. मला वाटलं, वेळ घालवायला भिंत बघतायत. माझ्या दुकानाच्या भिंतीवर साठ वर्षांचं हसू टांगलेलं आहे, निम्मं बाबांच्या काळातलं, निम्मं माझ्या. नवराबायकोच्या जोड्या, पदवीचा झगा घातलेली पोरं, निवृत्त होणारे साहेब, कुणाकुणाचे आजोबा. लोक बघतात आणि काय सुंदर आलाय म्हणतात. नुसते दात बघणारी ही पहिलीच. मी म्हटलं, "म्हणजे काय?" तशा त्या उठल्या आणि भिंतीशी जाऊन एकेका काचेवर नख टेकवत म्हणाल्या, "ही विशीतली मुलगी. हा साठीचा माणूस. हे आजोबा तर ऐंशीच्या पुढचे. तिघांचा दात एकच, निळसर पांढरा. असा दात माणसाला नसतो, बशीला असतो." मी म्हटलं, आमच्याकडे फोटोला टचिंग करून मिळतं. "ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. पाकीट पर्समध्ये टाकून दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "माझं तोंड मिटलेलं होतं म्हणून वाचले."

गेल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मला इतका राग आला होता की समोरच्या चपला दुरुस्त करणाऱ्यानं हाक मारली तरी मी ओ दिली नाही. कोण कुठली बाई, आठ फोटोंसाठी आली आणि दोन पिढ्यांच्या धंद्याला बशी म्हणून गेली. पण राग ओसरल्यावर मी खुर्ची भिंतीकडे वळवली, आणि मग तो सगळा दिवस वाया गेला. एकदा दिसलं की दुसरं काही दिसेना. एकाच दाताची रांग, या चौकटीतून त्या चौकटीत गेलेली. बाबा शिकवायचे, गिऱ्हाईक त्याच्या चेहऱ्याचे पैसे देत नाही, शेजाऱ्यांना दाखवता येईल अशा चेहऱ्याचे देतं. खिडकीशी काचेच्या उतरत्या फळीवर काच-निगेटिव्ह ठेवून, जिभेला टोक लावलेल्या पेन्सिलीनं ते तासन्‌तास बसायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावर जे काळं ते तिथं नितळ. त्या नितळ जागेवर पेन्सिलीचे बारीक ठिपके दिले की फोटोत डाग नाहीसा. डोळ्याखालचा खड्डा भरायचा, देवीचा व्रण भरायचा, दातांमधली फट भरायची. मी अकरा वर्षांचा असताना माझ्या हातात पेन्सिल आली. पुढं फिल्म गेली, संगणकाचा पडदा आला, उंदीर आला, पण हात तोच राहिला. भरायचा, उजळायचा.

त्या दिवसांत माझी मनःस्थिती मुळात भुसभुशीत होती. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. लग्नाची कामं माझ्या निम्म्या वयाच्या पोरांकडे गेलेली, ती पोरं उडणारे कॅमेरे आणतात. माझ्याकडे राहिले ओळखपत्रवाले आणि फोटोला चौकट करून घेणारे. मेहुण्यांचं फर्निचरचं मोठं दुकान आहे. ते म्हणाले होते, या की आमच्याकडे, तुम्हाला जड काही उचलायचं नाही, दाराशी उभं राहायचं, आलेल्या माणसाकडे बघून हसायचं. महिनाअखेर सांगा. चांगल्या मनानं म्हणाले होते, तेच जास्त लागलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला हसण्याची नोकरी मिळत होती. दुकान सोडायचं म्हणजे नुसती जागा सोडायची असं नव्हतं. मी सकाळी उठून आरशात बघतो तेव्हा तिथं फोटोग्राफर असतो. तो गेला तर उरलेल्याला मी ओळखत नव्हतो.

रात्री जेवताना बायकोला त्या बाईंचं सांगितलं. बशीचं ऐकून तिला हसू आलं, आणि नेहमीसारखा तिचा डावा हात तोंडावर गेला. ती तशीच हसते. लग्नानंतर माझी आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, सून किती मर्यादेनं हसते. मी पुढची पोळी घेतली आणि विषय मेहुण्यांवर गेला.

चौथ्या दिवशी त्या बाई परत आल्या. खुर्चीवर न बसता म्हणाल्या, "एक विचारते, रागावू नका. टचिंग न करता फोटो काढता येतो का तुम्हाला?" तेव्हा कळलं की त्या दात बनवतात. दंतवैद्य तोंडात बघतात, साचा घेतात, आणि तुटक्या दाताच्या जागी बसवायचा दात या बाई चिनी मातीच्या भुकटीतून घडवून भाजतात. "आकार मला साच्यात मिळतो. रंग मिळत नाही. डॉक्टर फोनवर फोटो काढून पाठवतात. एकाचा पिवळा येतो, एकाचा जांभळा. दात तोंडात बसवल्यावर परत येतो, मी परत भाजते. गावात एवढे डॉक्टर आहेत आणि दाताचा फोटो काढणारा एकही माणूस नाही." मग भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "तुम्हाला उजेड कळतो, ते मी तेव्हाच बघितलं. नुसता प्रामाणिकपणा शिकावा लागेल." हे असं तोंडावर. मला हसावं की हाकलावं कळेना. मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत बघू." त्या म्हणाल्या, "पहिलं चुकलात तर मी दुसरा शोधीन."

त्यांची खोली एका जिन्याच्या वर होती. फळ्यांवर प्लॅस्टरच्या पांढऱ्या जबड्यांची रांग, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, आणि मधे खिडकीपाशी त्यांचं टेबल. तिथं मी आठवडाभर दुपारचा जात होतो, शिकवणीला जावं तसा. चार केसांच्या कुंचल्यानं त्या दातावर रेघ काढायच्या, जी रेघ काढलीय हे कुणाला कधी कळणार नव्हतं. मला म्हणाल्या, नीट बघा, दात पांढरा नसतो. मुळाशी मधासारखा, टोकाला काचेसारखा, आणि मधे त्या माणसानं आयुष्यभर जे खाल्लं-प्यालं ते. मी माझे दिवे दोन्ही बाजूंना घेतले, कॅमेऱ्याला दातावरची चकाकी कापणारी काच बसवली, ओठ ताणायचे पारदर्शक प्लास्टिकचे दोन चिमटे आणले. माणसानं स्वतःच ते दोन हातांनी दोन बाजूंना ओढून धरायचे. दाताशेजारी नमुन्याच्या छटांची पट्टी धरायची, म्हणजे बाईंना ताडून बघता येतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जी मला कुणी सांगितली असती तर खोटी वाटली असती: तोंड उघडं राहिलं की दात सुकतो आणि सुकला की पांढरा होत जातो. "पहिल्या मिनिटात काढायचा," बाई म्हणाल्या. "नंतरचा रंग त्या माणसाचा नसतो." मी आयुष्यभर लोकांना हनुवटी वर, मान इकडे, जरा थांबा म्हणत आलो होतो. आता दिवे आधी लावून, माणूस बसला की तोंड उघडा आणि झालं. मजा वाटायला लागली होती, हे मी बायकोलाही सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, उगाच आशा नको म्हणून.

पहिले आले ते शिंपीकाका. सत्तरीचे, गळ्यात अजून टेप, जिन्यात पडून पुढचा एक दात गेलेला. शेजारच्या दाताच्या कडेला बारीक खाच होती, पन्नास वर्षं दोरा तोडून पडलेली, आणि खाचेपासून वर एक तपकिरी रेघ. चहाचा रंग सगळीकडे मुरलेला. पहिल्या मिनिटात फोटो घेतला. सुरेख आला. ते गेल्यावर पडद्यावर मोठा करून बघत बसलो, आणि नंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. फोन आला होता, मेहुण्यांचा. काय ठरलं म्हणत होते. कानाला फोन, हो हो म्हणतोय, आणि उजवा हात उंदरावर. माझ्या हातानं माझ्यादेखत ती रेघ भरली, दात थोडासा, अगदी थोडासा उजळला. फोन ठेवला आणि फोटो बाईंना पाठवला. मी काही केलं, हे मला माहीतच नव्हतं. जेवताना आपण किती घास चावले हे माणसाला माहीत असतं का?

नऊ दिवसांनी बाई आल्या. काउंटरवर एक डबी उघडून त्यातला दात काचेवर ठेवला. एवढासा आवाज झाला. "हा कुणाचा, सांगा." मी वाकून बघितला. निळसर पांढरा नव्हता, पण त्या वाटेला लागलेला होता. नितळ, एकही रेघ नाही. मी मागे भिंतीकडे बघितलं. "माझा," मी म्हटलं. "तुमचाच," त्या म्हणाल्या. "पट्टीचा रंग तसाच ठेवलात आणि नुसता दात उजळलात. म्हणजे खोटं पाठवलंत तेसुद्धा पुराव्यासकट. मी डोळे झाकून विश्वास ठेवला. काकांच्या तोंडात बसवून बघितला, तर ते डॉक्टरांना काय म्हणाले माहितीय? आरशात बघितलं की वाटतं, माझ्या तोंडात कुणीतरी परका उभा आहे." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या. "आपण काय करतो ते तुम्हाला कळलं तरी होतं का?" मी खरं ते सांगितलं, की नाही. त्यावर त्यांनी चष्मा डोळ्याला लावून माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या साच्याकडे बघतात. "मग अजून कुणाकुणाला केलंत असं, न कळता?" एवढं म्हणून, काका उद्या परत येतील, शेवटची वेळ, असं सांगून त्या पायरी उतरून गेल्या. दात काउंटरवरच राहिला.

कुणाकुणाला. मी शटर निम्मं ओढलं आणि बसलो. भर दुपार होती, बाहेर चपलेवर हातोडी पडत होती. त्या बाई जे सहज बोलून गेल्या त्याचं उत्तर आधीच येऊन बसलेलं होतं, मी फक्त मान वळवत नव्हतो. एकतीस वर्षांपूर्वी एक मुलगी टेलिफोन कचेरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली होती. बाबा बाहेर गेलेले. मी कॅमेऱ्यामागून काहीतरी पाचकळ बोललो आणि ती खळखळून हसली, तोंड भरून, हात मांडीवर. वरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला. मी तेव्हाच गेलो होतो कामातून. अर्जाला हसरा फोटो चालत नाही, म्हणून दुसरा गंभीर काढला; पण हसरा तिला आपल्याकडून भेट म्हणून द्यायचा ठरवला, आणि माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं कसब त्याच्यावर ओतलं. चढलेल्या दाताची सावली पेन्सिलीनं भरली. दोन तास लागले. तिनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, छान आलाय. ओठ मिटून म्हणाली. मला वाटलं, लाजली. वर्षभरात लग्न झालं, आणि हात तेव्हापासून तोंडावर आहे. आमची मुलगी बारा वर्षांची होताच दातांना तार बसवायची म्हणून हिनं घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगी म्हणत होती, काही गरज नाही. मी म्हटलं होतं, आईला हौस आहे तर बसव. हौस! गाढवा, मी स्वतःलाच मोठ्यानं म्हणालो, आणि हातोडी क्षणभर थांबली.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोटो पुन्हा काढला. ते चिमटे धरून बसले, मी दाबलं, आणि काढलेला फोटो त्यांच्यासमोरच बाईंना पाठवून दिला. उजवा हात खिशात घालून, डाव्या हातानं. काका म्हणाले, "हाताला लागलंय का?" मी म्हटलं, "हो, जुनं आहे."

ते गेल्यावर मी माळ्यावरच्या पेट्या काढल्या. बाबांची एक शिस्त मी मोडली नव्हती, निगेटिव्ह फेकायची नाही. पाकिटावर तारीख आणि तिचं तेव्हाचं आडनाव. उजेडाच्या फळीवर ठेवली तर माझे पेन्सिलीचे ठिपके तिरपे धरल्यावर चमकत होते, इतके नाजूक की मला त्या पोराचं कौतुक वाटलं आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. तेव्हा ब्लेडनं खरवडलं असतं तर खालचं गेलंच असतं. पण पेन्सिल नुसती वर बसलेली असते. कापसाला टर्पेंटाइन लावलं, श्वास धरला आणि फिरवलं. कापूस करडा झाला. एवढंच. एकतीस वर्षं ज्याच्याखाली गेली ते सगळं मिळून एवढा करडा ठिपका होता. आणि त्याखाली तो दात, शेजाऱ्यावर कोपर टेकून बसल्यासारखा.

त्यावरून नवा फोटो छापला आणि तो घेऊन जेवायला घरी गेलो. ती इस्त्री करत होती. फोटो इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. ती बघत राहिली आणि मग इस्त्री उभी करून तिनं आधी बटण बंद केलं.

"हा कुठं होता?"

"त्याच फोटोत. पेन्सिलीच्या खाली."

"त्या दिवसापर्यंत मला त्या दाताचं माहीतसुद्धा नव्हतं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं. तुमचा फोटो नेला आणि आरशाशी धरला. तेव्हा कळलं, काय काढून टाकलंय ते. म्हटलं, यांना एवढ्यात दिसलं, म्हणजे सगळ्यांना दिसत असणार."

"अगं, तू मला आवडली होतीस. म्हणून जीव तोडून केलं."

"मग तसं सांगायचं होतं ना! दात कशाला काढलात?"

तिला रडू आलं आणि त्याचा तिला राग आला. मी चुकलो म्हणालो. ती म्हणाली, एकतीस वर्षांनी म्हणताय. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटत होतं, पुसायला नको होतं. आणि पुन्हा वाटत होतं, पुसलं ते बरंच केलं. महिना संपायला चार दिवस होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. सहसा येत नाही. मी काही विचारायच्या आत मागोमाग शिंपीकाका आले, टेप गळ्यात, आणि त्यांच्या मागून दातवाल्या बाई, हात पाठीमागे बांधून. काका तोंड उघडून माझ्या बायकोसमोर उभे राहिले. "वहिनी, ओळखा बघू यातला नवा कुठला." तिनं चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन बघितलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या. मग बोट दाखवलं. "हा." काकांनी टाळी वाजवली. "तो माझा जन्मापासूनचा!" बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "काकांच्या डॉक्टरांनी आणखी दोन डॉक्टरांना विचारून ठेवलंय. त्या दोघांनी आणखी तिघांना सांगितलंय. सकाळच्या वेळा मोकळ्या ठेवा. आणि हो, डॉक्टरांना दाखवायला नमुन्याचे फोटो लागतील. साध्यासुध्या तोंडांचे." जाता जाता काउंटरवरचा तो आधीचा नितळ दात त्यांनी बघितला. "हा टाकला नाहीत?" मी म्हटलं, "राहू दे इथंच. हाताला धाक."

ते दोघं गेले. बायको भिंतीसमोर उभी होती, त्या रांगेसमोर, साठ वर्षांच्या. "खरंच हो," ती म्हणाली, "बशीच." मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसली आणि पदराशी खेळत म्हणाली, "दादाला मी येता येता फोन केला. म्हटलं, हे काही येत नाहीत. दाराशी उभं राहून हसणं यांना जमायचं नाही."

"मला न विचारता?"

"तुम्ही विचारलं होतंत मला, तेव्हा?" ती म्हणाली. "लावा ते चिमटे. साधंसुधं तोंड पाहिजे म्हणाल्या ना त्या?"

दिवे लावलेलेच होते. चिमटे कसे धरायचे ते दाखवलं. दोन हातांनी, दोन बाजूंना, ओढून. तिनं ओढले. तीस वर्षांत मी तो दात उजेडात बघितला नव्हता. तेविसाव्या वर्षी काचेसारखा होता, आता मधाकडे झुकलेला, कडेला बारीक तडा, पण अजून शेजाऱ्यावर तसाच रेललेला. मी कॅमेऱ्यामागं गेलो. ओठ ताणलेले असल्यामुळं तिला नीट बोलता येईना, तरी बोललीच: "ई कशी दिसते?"

"खरं सांगू? घोड्यासारखी."

ती फुटली. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, स्टूल करकरलं. तिला हात तोंडावर न्यायचा होता, मला दिसलं. पण दोन्ही हात चिमट्यांना गुंतलेले. मी दाबलं. पहिलं मिनिट अजून संपायचं होतं.

"बघू," चिमटे काढून ती पडद्याशी आली. बराच वेळ बघत होती. मी माझा उजवा हात खिशात घातला. मग ती पुन्हा हसली, आपल्याच फोटोला, आणि सवयीनं तिचा डावा हात वर निघाला. निम्म्यावर आला, थोडा घोटाळला, नाकावरचा चष्मा सारखा करून खाली गेला.